विषाणूंशी दोन हात – भाग १४ : लस एकटी पुरत नाही तेव्हा

रेबीजची लस चावा झाल्यानंतर टोचली तरी उपयोगी पडते, कारण हा विषाणू सावकाश चालतो. जखमेपाशी तो मज्जातंतूत शिरतो आणि त्यातूनच मेंदूकडे सरकत राहतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तेवढ्या काळात लशीमुळे शरीरात प्रतिपिंडं तयार झाली, की माणूस वाचतो. इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो होतो.

पण चावा डोक्याला किंवा चेहऱ्यावर असेल तर? तिथून मेंदू हाकेच्या अंतरावर, आणि लशीनंतर प्रतिपिंडं दिसू लागायलाच आठवडा-दहा दिवस जातात. मधल्या दिवसांत राखण कोणी करायची? या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे विषाणुतज्ज्ञ म्हणजे हिलरी कोप्रोव्स्की.

१९१६ मध्ये वॉर्सात जन्मलेल्या कोप्रोव्स्कींनी वैद्यकाबरोबर पियानोचंही रीतसर शिक्षण घेतलं होतं. महायुद्धामुळे देश सुटला आणि ब्राझीलमार्गे ते अमेरिकेत आले. तोंडावाटे द्यायची जिवंत पोलिओ लस माणसाला सर्वांत आधी, १९५० मध्ये, दिली ती त्यांनीच; नाव मात्र नंतर तशीच लस करणाऱ्या सेबिन यांचं झालं. रेबीजवर ते त्याआधीपासूनच काम करत होते. कुत्र्यांसाठीची, कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली लस ही त्यांची आणि हेरल्ड कॉक्स यांची कामगिरी.

मधल्या दिवसांवरचा तोडगा म्हणजे सीरम : आधीच लस दिलेल्या प्राण्याच्या रक्तातली आयती प्रतिपिंडं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ती गुणकारी ठरली होती. माणसांत कसोटी लागली १९५४ मध्ये, इराणमधल्या साहने गावी. एका पिसाळलेल्या लांडग्याने रात्रीतून २९ जणांना फाडलं. त्यांपैकी १८ जणांच्या डोक्याला जखमा होत्या. तेहरानच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्यावर उपचार झाले. डोक्याला जखमा असलेल्यांपैकी पाच जणांना नुसती लस मिळाली, तिघे दगावले. तेरा जणांना लशीबरोबर सीरम दिलं, एकच दगावला. वाचलेल्यांत कवटीपर्यंत दात रुतलेलं एक लहान मूलही होतं. या रुग्णांच्या रक्ताची तपासणी कोप्रोव्स्की आणि कार्ल हाबेल यांनी केली. सीरम मिळालेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सुरुवातीपासून होती, बाकीच्यांत ती उशिरा आली. कोणाला काय तारून गेलं, ते त्या नमुन्यांत दिसत होतं.

राहिला प्रश्न लशीचा. मेंढीच्या मेंदूपासून केलेली, पोटात टोचायची चौदा इंजेक्शनं आपल्याकडच्या जुन्या पिढीला विसरता येणार नाहीत. त्या लशीतल्या मेंदूच्या पेशींमुळे क्वचित लकवाही होई. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटचे संचालक असताना (१९५७–१९९१) कोप्रोव्स्कींनी टॅड विक्टर आणि स्टॅन्ली प्लॉटकिन यांच्यासह प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर नवी लस तयार केली. तिचीही परीक्षा इराणमध्येच झाली. पिसाळलेले लांडगे आणि कुत्रे चावलेल्या ४५ जणांना ती सीरमबरोबर दिली गेली, आणि सगळे वाचले. हा अहवाल १९७६ मध्ये छापून आला. भारतात मात्र मेंदूपासून केलेली लस बंद व्हायला २००५ च्या आसपासचा काळ उजाडला.

पुढे १९७८ मध्ये विक्टर आणि कोप्रोव्स्कींनी रेबीजविरुद्ध एकाच साच्याची, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंडं बनवली. निरनिराळ्या ठिकाणचे रेबीज विषाणू एकसारखे नसतात, हे या प्रतिपिंडांच्या मदतीने ओळखता आलं. आज घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातल्या सीरमऐवजी वापरता येणारी मोनोक्लोनल औषधं मिळतात, ती याच वाटेवरची. त्यांतली काही भारतातही तयार होतात.

वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखमेतून रक्त आलं असेल, तर लस टोचून झाल्यावर लगेच उठू नका. ‘सीरम द्यायचं आहे का?’ हे डॉक्टरांना विचारा. ते जखमेतच टोचायचं असतं. आणि जखम भरली म्हणून पुढचे डोस चुकवू नका.