रक्तातले दोन आकडे

रक्त तपासून हृदयरोग्याचे पुढचे दिवस सांगता येतील काय? एका रोगात ते काही अंशी साधले आहे. त्या रोगाचे नाव हृदयाचा अमायलॉइडोसिस. त्याचे प्रकार अनेक. येथे एकाच प्रकाराचा विचार करू.

आपले यकृत ट्रान्सथायरेटिन नावाचे प्रथिन तयार करते. ते चार घटकांचे जोडलेले असते. उतारवयात, किंवा आनुवंशिक दोषामुळे, ही जोडणी सुटते; सुट्या भागांचे तंतू बनून हृदयाच्या स्नायूत साचतात. हृदय ताठ होते व नीट भरत नाही.

ताण पडलेले हृदय रक्तात एनटी-प्रोबीएनपी नावाचा पदार्थ सोडते. हा पहिला आकडा. दुसरा मूत्रपिंडाच्या गाळणशक्तीचा. तो रक्तातील क्रिएटिनिनवरून काढतात. लंडनच्या राष्ट्रीय अमायलॉइडोसिस केंद्रातील डॉक्टरांनी २०१८ साली ८६९ रोग्यांच्या नोंदींवरून तीन पायऱ्या ठरविल्या. पहिला आकडा ३००० पर्यंत आणि दुसरा ४५ किंवा अधिक, ही पहिली पायरी. दोन्ही बिघडलेले, ती तिसरी. उरलेले सारे दुसरीत. पहिल्या पायरीवरचे निम्मे रोगी सुमारे ६९ महिन्यांहून अधिक जगले. दुसरीवर ४७, तिसरीवर २४.

आम्ही पगाराच्या सरासरीवरून पुष्कळ वाद घातले आहेत. मधला आकडा समूहाचा असतो, एका माणसाचा नव्हे, हे आम्ही तेथे शिकलो. येथेही तेच. शिवाय हे आकडे इतर हृदयविकारांतही बिघडतात. निदानाला वेगळ्या तपासण्या लागतात.

मग उपयोग कोणता? टॅफॅमिडिस हे औषध त्या चौघांची जोडणी टिकवते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४४१ रोग्यांवरील चाचणीत, ३० महिन्यांत, औषधाविना शंभरांतले ४३ दगावले; औषध घेणाऱ्यांतले ३०. साचलेले मात्र ते काढत नाही. म्हणून लवकर ओळखण्याला मोल आहे.

या रोगात मनगटातली नस दबून दोन्ही हातांना मुंग्या येतात, पुष्कळदा हृदयाची तक्रार सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी. कामगाराच्या हाताला मुंग्या आल्या की आम्ही यंत्राला दोष देतो. बहुधा तो खराही असतो. परंतु म्हाताऱ्या माणसाला त्यासोबत धाप लागू लागली, पाय सुजू लागले, तर डॉक्टरांना हातांची हकीकत अवश्य सांगावी. औषध महाग आहे. ते गरजूंपर्यंत कसे पोहोचवायचे, हा प्रश्न मात्र रक्ताच्या तपासणीने सुटणारा नाही. तो आपणा सर्वांनाच सोडवावा लागेल.