घरी बनवलेला हिरो, पण किंमत किती?

रविवारी भाचा हिरोस्केप या बोर्ड गेमसाठी स्वतः बनवलेलं कार्ड घेऊन आला. दांडपट्टेवाला मावळा! हल्ला ६, बचाव ६, जीव ६, किंमत १०० गुण. "मामा, कसा वाटतो?"

म्हटलं, मावळा झकास, हिशेब कच्चा.

असं कार्ड मी तीन कसोट्यांवर घासून बघतो.

१) फासे. २००४ साली आलेल्या या खेळात लढाईच्या फाशाच्या ३ बाजूंवर कवटी (वार), २ वर ढाल (वार अडवणारी), १ कोरी; हल्ला-बचावाचा आकडा जेवढा, तेवढे फासे. म्हणजे हल्ल्याच्या ४ फाशांत सरासरी २ कवट्या आणि बचावाच्या ६ फाशांतही २ ढाली. साधा सैनिक मावळ्याला ओरखडाही जेमतेम काढणार!

२) मूळ कार्डाशी तुलना. सार्जंट ड्रेक अलेक्झांडर: हल्ला ६, बचाव ३, जीव ५, किंमत ११०. आमचा गडी दुप्पट बचाव घेऊन १० गुणांनी स्वस्त.

३) खास शक्ती. खेळातली रेलिन ही हिरो स्वतः फार मारत नाही, पण जवळच्या साथीदारांचा बचाव २ फाशांनी वाढवते. अशा हिरोची किंमत एकट्याची नव्हे, अख्ख्या सैन्याची धरायची.

उलट बाजूही आहे. फेरीत आपल्या चाली ३च. एका चालीत तुकडीतले तिघे-चौघे वार करतात, हिरो मात्र एकटा. म्हणून तो थोडा दणकट हवाच.

शेवटी मावळ्याचा बचाव ४ वर आणला, किंमत वाढवली. तीन डाव खेळलो, दोन मी हरलो. भाचा खूश!

तुम्हीही कार्ड बनवलंय? खाली टाका, मिळून तपासू.