बर्फातली केणी

न्यूयॉर्क राज्यात ओंटारिओ सरोवराच्या पूर्वेला टग हिल नावाचं पठार आहे. सरोवरावरून येणारे गार वारे पाण्याची वाफ उचलतात आणि पठार चढताना बर्फ करून टाकून देतात. एका हिवाळ्यात 200 इंचांहून जास्त बर्फ इथे नवलाचा नाही. सार्वजनिक रस्ता सरकारी गाड्या साफ करतात. घरापासून त्या रस्त्यापर्यंतचा ड्राइव्हवे मात्र ज्याचा त्याने मोकळा करायचा.

हा ड्राइव्हवे 300 फूट लांब आणि 10 फूट रुंद असला, तर फूटभर बर्फ म्हणजे 3,000 घनफूट. ताजा, भुसभुशीत बर्फ पाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतका जड धरला तरी साडेआठ टन भरतात. फावड्याने तो उपसताना दर हिवाळ्यात माणसं हृदयविकाराने दगावतात. म्हणून खेड्यातल्या घरी ट्रॅक्टर असला की त्याच्या मागे ब्लेड लागतंच.

आपल्या शेतात माती ओढून जमीन सपाट करणारी केणी ज्याने पाहिली आहे, त्याला हे अवजार परकं वाटणार नाही. पाच-सहा फुटांचं वक्र पातं, मधोमध खुंटी, आणि ट्रॅक्टरला जोडायला तीन टोकं. ही तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची देणगी. 1938 साली त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि पुढच्या वर्षी फोर्ड 9एन ट्रॅक्टर आला. त्याचा वारस 8एन 1947 ते 1952 या काळात पाच लाखांहून जास्त बनला. त्यातले काही करडे म्हातारे आजही बर्फ ओढताना दिसतात. आता महिंद्राचे लाल ट्रॅक्टरही तिकडे विकले जातात.

या ब्लेडला स्वतःचं इंजिन नाही, आणि हायड्रॉलिक ते फक्त उचलतं, खाली दाबत नाही. पातं बर्फात बसतं ते स्वतःच्या वजनावर. त्यामुळे हलकं, स्वस्त ब्लेड दबलेल्या बर्फावरून नुसतं घसरत जातं. घ्यायचंच तर वजनदार घ्यावं. पातं खुंटीवर तिरकं फिरवलं की बर्फ वळकटीसारखा गुंडाळत एका कडेला पडत जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना साखळ्या हव्याच; त्यांच्याशिवाय चाकं जागच्या जागी फिरतात.

मागच्या ब्लेडची खरी करामत गॅरेजच्या दारापाशी दिसते. पुढच्या नांगराने बर्फ दारावरच ढकलला जाईल. इथे ब्लेड उचलून ट्रॅक्टर दारापर्यंत मागे न्यायचा, पातं दाराच्या अगदी कडेला टेकवायचं आणि पुढे निघायचं. बर्फ मुकाट मागे येतो. वाटेच्या तोंडाशी सरकारी गाडीने टाकलेला मिठाचा, ओला, दगडासारखा ढीगही असाच आत ओढून घ्यावा. तो रस्त्यापलीकडे ढकलायला न्यूयॉर्कमध्ये कायद्याने मनाई आहे.

पण चालवणाऱ्याची परीक्षा खडीच्या वाटेवर असते. जमीन अजून गोठलेली नसताना पातं पूर्ण टेकवलं, तर बर्फाबरोबर खडीही गवतावर जाते आणि एप्रिलमध्ये दाताळ्याने गोळा करत बसावं लागतं. जाणते लोक एक लोखंडी नळी लांबीने चिरून पात्याच्या धारेवर चढवतात. मग धार खडीत न रुतता वरून सरकते. कुणी ब्लेड उलटं फिरवून फुगीर पाठ पुढे करतात. आणि पहिल्या बर्फाचा इंच-दोन इंच थर मुद्दाम राहू देतात. तो दबून गोठला की खडीवर कडक पापुद्रा तयार होतो आणि पुढचा सगळा हिवाळा त्याच्यावरून पातं बिनघोर चालतं. सगळं खरवडून काढण्याचा मोह आवरणं ही माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी अक्कल आहे.

तिकडे खेड्यात घर घेतलेल्या मराठी मंडळींना एवढंच सांगणं: नोव्हेंबरातच वाटेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवा, आणि पहिल्याच बर्फात वाट लागते त्यापेक्षा दोन्हीकडे चार-चार फूट जास्त मोकळी करा. कडेचे ढीग गोठले की ब्लेडला हलत नाहीत, आणि फेब्रुवारीत नवा बर्फ टाकायला तेवढीच जागा उरते.