दोन माणसे, एक कुत्रा आणि भाड्याचे घर

प्रतिनिधी, मुंबई

भाडे आवाक्यातले असते, अनामत रकमेवर एकमत होते, घर पाहण्याची वेळही ठरते. एवढ्यात घरात एक कुत्राही आहे, असे सांगितले जाते आणि पलीकडचा इस्टेट एजंट क्षणभर गप्प होतो. 'सोसायटीत चालत नाही' किंवा 'मालकांना नको आहे' या दोनपैकी एक उत्तर येते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबई वा पुण्यात मर्यादित पगारात घर शोधणाऱ्या आणि कुत्रा पाळणाऱ्या जोडप्यांना हा अनुभव नवा नाही.

ही दोन उत्तरे ऐकायला सारखी वाटली, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. पहिल्या उत्तराला आव्हान देता येते; दुसऱ्याला बहुधा नाही. हा फरक लक्षात न घेतल्याने काही जोडपी हाती येणारे घर सोडून देतात, तर काही जण कुत्रा लपवून घरात शिरतात आणि काही महिन्यांतच अडचणीत येतात.

सोसायटीचे अधिकार किती?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये गृहनिर्माण संस्था व रहिवासी संघांसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला, तरीही संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट केले आहे. कुत्रा भुंकतो, एवढे कारण बंदीसाठी पुरेसे ठरत नाही. लिफ्टचा वापर नाकारता येत नाही किंवा त्यासाठी वेगळे शुल्क आकारता येत नाही. इमारतीत एकाहून अधिक लिफ्ट असतील, तर कुत्र्यासाठी कोणती वापरावी, हे मात्र संस्था ठरवू शकते.

केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेला निकालही याच दिशेचा आहे. रहिवाशाला स्वतःच्या ताब्यातील घरात प्राणी पाळण्यास पूर्ण मज्जाव करणारी उपविधी वा करारातील कलमे निरर्थक असून त्यांची अंमलबजावणी करता येणार नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नसला, तरी वादाच्या वेळी त्याचा दाखला देता येतो.

अर्थात, हक्कांबरोबर जबाबदारीही येते. जिना, अंगण, लिफ्ट अशा सामाईक जागेत कुत्र्याला साखळीत ठेवणे, त्याने केलेली घाण स्वतः उचलणे आणि दरवर्षी रेबीजची लस टोचून घेणे या गोष्टी ज्या घरात पाळल्या जातात, तेथे तक्रारींना फारसा वाव उरत नाही.

आणखी एक बाब भाड्याने राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. संस्थेचा सभासद घरमालक असतो, भाडेकरू नव्हे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने सुमारे आठ दिवस आधी कळवणे अपेक्षित असते. त्यामुळे कुत्र्यावरून वाद निर्माण झालाच, तर संस्थेशी किंवा सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाशी पत्रव्यवहार करताना मालक पाठीशी असणे आवश्यक ठरते. तो पाठीशी नसेल, तर मार्गदर्शक सूचनांची प्रत हाती असूनही भाडेकरूची बाजू लंगडी पडते.

मालक नाही म्हणाला तर?

खरी अडचण येथे आहे. आपले घर कोणाला द्यावे, हे ठरवताना मालकाने कुत्रा असलेल्या कुटुंबाला नकार दिला, तर त्याला भाग पाडण्याची तरतूद भाडे नियंत्रण कायद्यात नाही. घरात राहत असलेल्यांना कायद्याचा आधार आहे. घर शोधणाऱ्यांना तो जवळपास नाही.

शहरांतील भाड्याचे बहुतेक व्यवहार 'लीव्ह अँड लायसन्स' पद्धतीने होतात. यात घर घेणाऱ्याला ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी मिळते. जुन्या पागडीच्या भाडेकरूसारखे संरक्षण मिळत नाही. अनेक छापील मसुद्यांत 'पाळीव प्राणी ठेवणार नाही' असे कलम आधीच असते आणि सही करण्याच्या घाईत ते वाचले जात नाही. कुत्रा लपवून घर घेतल्यास याच कलमाच्या आधारे मालक करार संपुष्टात आणू शकतो. परवानगीची मुदत संपल्यावर वा ती रद्द झाल्यावरही घर सोडले नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. भुंकणारा प्राणी शेजाऱ्यांपासून फार काळ लपत नाही, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच पहिल्याच बोलण्यात कुत्र्याचा उल्लेख करणे शहाणपणाचे. त्यामुळे दहा ठिकाणी नकार येईल. परंतु अकराव्या ठिकाणी मिळालेले घर टिकेल.

मालकाची भीती कशी दूर करावी?

मालकाच्या नकारामागे बहुधा चार कारणे असतात : फर्निचर व दारे कुरतडली जाण्याची भीती, वास, शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि घर सोडल्यानंतर करावी लागणारी दुरुस्ती. या प्रत्येक शंकेला उत्तर देता येते. लसीकरणाचे पुस्तक, महापालिकेचा श्वान परवाना, नसबंदी झाली असल्यास पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आणि आधीच्या मालकाचे चार ओळींचे पत्र एवढी कागदपत्रे सोबत नेल्यास बोलण्याचा सूर बदलतो. मालकाला कुत्रा प्रत्यक्ष दाखवण्याचाही उपयोग होतो. मनात भीतिदायक चित्र असलेल्या माणसासमोर शांत बसलेला गावठी कुत्रा पुष्कळ काम करून जातो.

सजवलेल्या घरापेक्षा रिकामे घर मिळणे तुलनेने सोपे जाते, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. शिवाय त्याचे भाडेही कमी असते. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतील तळमजल्याच्या वा पहिल्या मजल्याच्या घरांचाही विचार करण्यास हरकत नाही. वयस्कर कुत्र्याला अशी घरे सोयीची ठरतात.

करारात काय लिहावे?

तोंडी होकारावर विसंबू नये. करारात कुत्र्याचा स्पष्ट उल्लेख असावा : एक कुत्रा, त्याचे वय, रंग आणि मालकाची संमती. नुकसानभरपाई कशाची व कशी होईल, हेही लिहावे. मालकाने जादा अनामत मागितल्यास ती रक्कम वेगळी दाखवून, घर सोडताना कोणत्या अटीवर परत मिळेल, ते नमूद करावे. ताबा घेण्याच्या दिवशी भिंती, दारे व फरशीची छायाचित्रे काढून दोघांनी मान्य केली, तर वर्षअखेरीचे वाद टळतात.

महाराष्ट्रात हा करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. खर्चाच्या भीतीने नोंदणी टाळण्याचे कारण नाही. उदाहरणार्थ, महिना २५ हजार रुपये भाडे, एक लाख रुपये अनामत आणि ११ महिन्यांची मुदत असेल, तर एकूण भाडे व अनामतीवरील वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या पाव टक्का म्हणजे सातशे ते आठशे रुपये मुद्रांक शुल्क होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे.

परवडण्याचे गणित

स्वस्त घर म्हणजे केवळ कमी भाड्याचे घर नव्हे. दलालीपोटी एक महिन्याचे भाडे द्यावे लागते, असे धरले तर २५ हजारांच्या घरासाठी ११ महिन्यांच्या करारात दरमहा सुमारे २,२७० रुपयांचा अदृश्य बोजा पडतो. तोच करार ३३ महिन्यांचा केला, तर हा बोजा साडेसातशे रुपयांच्या आसपास येतो. टेम्पोचे भाडे व रंगकामाचा खर्चही वाचतो. कुत्रा असलेल्या जोडप्याला दुसरे घर मिळण्यास वेळ लागत असल्याने दीर्घ मुदतीचा करार त्यांच्या अधिक हिताचा आहे. भाडेवाढ किती आणि केव्हा, हे त्यात आधीच ठरवून घ्यावे.

दुसरा प्रश्न अंतराचा. मुंबईत रेल्वेमार्गाने बाहेर जावे, तसतसे भाडे उतरत जाते. परंतु चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण सुमारे ५४ किलोमीटर आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीसाठी एवढा प्रवास करत असतील, तर कुत्रा दिवसाचे अकरा-बारा तास एकटा राहतो. एकटा राहिलेला कुत्रा भुंकतो, दार ओरबाडतो आणि ज्या तक्रारींची मालकाला भीती होती, त्याच दाराशी येतात. दुपारी फिरवून आणणाऱ्या मदतनिसाला पैसे द्यावे लागले, तर भाड्यात वाचलेली रक्कम तेथेच खर्च होते. दोघांपैकी एकाची कचेरी जवळ असेल, अशा ठिकाणचे थोडे महाग घर अनेकदा प्रत्यक्षात स्वस्त पडते.

घर मिळालेच नाही तर?

शोध लांबला की नातेवाइकांकडून एक सल्ला हमखास मिळतो : कुत्र्याला कुठेतरी सोडून द्या. १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत विनाकारण प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे अवघा १० ते ५० रुपये. या रकमेचा धाक कोणालाच वाटणार नाही. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, वाहने चुकवता येत नाहीत आणि तेथील टोळीही त्याला थारा देत नाही.

तेव्हा पर्याय दोनच उरतात. मधल्या काळासाठी गावी आई-वडिलांकडे किंवा विश्वासू मित्राकडे कुत्र्याची सोय करावी आणि करार संपण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी नवा शोध सुरू करावा. भाड्याच्या घरात राहून पिल्लू आणण्याच्या विचारात असलेल्यांनी तर आधी सध्याचा करार काढून वाचावा आणि मालकाला विचारावे. कुत्रा दहा-बारा वर्षे सोबत राहतो. ११ महिन्यांच्या करारांत मोजले, तर तेवढ्या काळात अकरा ते तेरा वेळा त्याच्यासाठी घर शोधण्याची तयारी आपल्याजवळ आहे का, याचे उत्तर तो घरी येण्यापूर्वीच द्यायला हवे.