आतून मारलेली चोच

रत्नागिरीजवळच्या पालीच्या आभाळात गरुड म्हणून जो दिसतो तो बहुतेक वेळा सर्पगरुड असतो. सकाळचं धुकं ओसरून डोंगरउतार तापू लागला की दहाच्या सुमाराला तो वर चढतो आणि अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी शीळ घालतो. त्याची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही पऱ्याच्या कडेला दाट झाडीत, माणसाच्या नजरेला सहसा पडणार नाही अशा जागी. मी पालीकर, म्हणजे माझा गरुड खरं तर हाच असायला हवा. पण थंडी पडली की माझा पाय खाडीकडे वळतो. आंजणारीच्या पुलाखालून गेलेली काजळी नदी रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळते, आणि अशा खाड्यांच्या काठावर दुसरा एक गरुड संसार मांडतो. तो दोन अंडी घालतो. त्या दोन अंड्यांतून पिल्लं बाहेर कशी येतात, हे एकदा कळलं की दुसरं काही पाहावंसं वाटत नाही.

हा पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. डोकं, मान, पोट पांढरंशुभ्र, पाठ राखी, पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटर. मादी नरापेक्षा अंगानं मोठी. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांपासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत याची वस्ती आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळ जण त्याला घार म्हणूनच सोडून देतात. कोकणात पांढऱ्या डोक्याची आणि विटकरी पंखांची ब्राह्मणी घारही भरपूर असल्यामुळे घोटाळा आणखी वाढतो.

घरटं बहुधा रायवळ आंब्यावर. हापूसची कलमं छाटून, आटोपशीर ठेवलेली असतात. तिथं हा एवढा मोठा पक्षी बसणार कुठे? त्याला आजोबा-पणजोबांच्या काळातली, वाडीच्या माथ्यावरून खाडी दिसेल एवढी उंच वाढलेली रायवळच लागते. नाही तर वड, सातवीण किंवा किनाऱ्यावरचा सुरू. काटक्यांचा हा ढीग एका हंगामाचा नसतो. जोडी वर्षानुवर्षं त्याच जागी परत येते, पावसाळा सरला की डागडुजी करते, वर नवीन काटक्या रचते, आत हिरवा पाला अंथरते. काही वर्षांत घरटं मीटरभराहून रुंद होतं आणि खालून एखादं मचाण बांधल्यासारखं दिसतं.

मी पाहतो ते झाड कुठल्या वाडीत आहे हे सांगत नाही. घरट्याचा पत्ता फुटला की मोठ्या लेन्सा घेऊन माणसं येतात, कुणी जवळच्या झाडावर चढतं, आणि बिथरलेली मादी उन्हात अंडी उघडी टाकून उठते. झाडाचे मालक माझे लांबचे काका लागतात. त्यांना गरुडाचं कौतुक आहे, पण बेतानंच. "अरे, आंबा आमचा आणि मासळीबाजार ह्यांचा," असं ते म्हणतात. त्यात अतिशयोक्ती नाही. झाडाखाली पांढऱ्या विष्ठेचा सडा, शिंगाळा माशाचे काटे, टोळ माशाच्या लांबुडक्या चोची आणि समुद्रसापांचे मणके पडलेले असतात. समुद्रसाप विषारी असतो, पण गरुडाला त्याचं सोयरसुतक नाही. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आलेलं काहीही तो वरच्या वर उचलतो. पायाच्या तळव्यावर खरखरीत काटेरी खवले असतात, त्यामुळे बुळबुळीत मासाही निसटत नाही.

अंडी पांढरी, सात सेंटीमीटरच्या आसपास लांब. ती खालून दिसत नाहीत. दिसते ती फक्त मादीची मान, आणि तिच्या बसण्याची तऱ्हा. सारं काही त्यावरूनच ओळखायचं. नरही उबवायला बसतो, पण मोठा वाटा मादीचा. तो येतो, काटकी नाही तर मासा ठेवतो, ती उठते, पंख झटकते, खाडीकडे एक फेरी मारून येते. नर बसताना एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: घरट्यात तो नख्या आत वळवून, मूठ मिटल्यासारखा पाय टाकत चालतो. जी नखं शिंगाळ्याच्या पाठीत आरपार जातात, ती अंड्याच्या कवचाला लागता कामा नयेत.

उबवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊब येते. रात्री ते खरंच असतं. मादीच्या पोटावर पिसं झडून उघडी पडलेली त्वचा असते, तिच्यात रक्तवाहिन्यांची दाटी असते, आणि तो भाग अंड्यांना भिडवून ती बसते. पण रत्नागिरीतली डिसेंबरची दुपार आठवा. माथ्यावरचं घरटं उघडं, पारा तिशीच्या वर, अंड्यांवर थेट ऊन. आतल्या गर्भाला काही वेळ गारवा लागला तर तो तग धरतो, वाढ जराशी मंदावते एवढंच. पण उष्णता थोडी जरी जास्त झाली तरी तो मरतो. म्हणून दुपारी मादी बसते ती सावली धरायला. पंख किंचित सैल सोडून, चोच उघडून धापा टाकत ती तास न् तास तशीच असते. मला विचाराल तर या पक्ष्याचा सगळ्यात मोठा पराक्रम मासेमारीत नाही, या दुपारच्या बसण्यात आहे.

हे साधारण चाळीस दिवस चालतं. या दिवसांत अंड्याच्या आत काय घडतं ते बाहेरून कुठेच उमटत नाही. कवच दिसतं घट्ट बंद, पण त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि पाण्याची वाफही हळूहळू निघून जाते. उबवण संपेपर्यंत अंड्याचं वजन साधारण १५ टक्क्यांनी घटलेलं असतं. निघून गेलेल्या पाण्याच्या जागी अंड्याच्या रुंद टोकाला हवेची एक पोकळी तयार होते. ती वाया गेलेली जागा वाटेल, पण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

या काळात गर्भ फुप्फुसांनी श्वास घेतच नाही. कवचाच्या आतल्या पडद्याला रक्तवाहिन्यांचं जाळं अस्तरासारखं चिकटलेलं असतं, तेच त्याचं श्वसन. हेच जाळं आणखी एक काम करतं: कवचातला चुना थोडा थोडा विरघळवून गर्भाच्या हाडांना पुरवतं. म्हणजे पिल्लाचा सांगाडा काही प्रमाणात त्याच्या भिंतीतूनच बनतो, आणि भिंत आतून झिजत जाते. ज्या दिवशी ती फोडायची त्या दिवशी ती पहिल्या दिवसाइतकी मजबूत राहिलेली नसते.

हा हिशेब किती नाजूक असतो ते जगाला विसाव्या शतकात फार महागात पडून कळलं. डीडीटी या कीटकनाशकाच्या अंशामुळे शिकारी पक्ष्यांच्या मादीच्या शरीरात कवच धरण्याची प्रक्रियाच बिघडते. कवच पातळ होतं, आणि उबवायला बसलेल्या आईच्या वजनाखालीच अंडं चुरडतं. इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतली जुनी अंडी नव्या अंड्यांशी ताडून १९६७ मध्ये हे दाखवून दिलं. अमेरिकेनं १९७२ मध्ये डीडीटीच्या वापरावर बंदी घातली, तरी तिथला पांढऱ्या डोक्याचा गरुड धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर यायला २००७ उजाडलं.

आता कवच फोडायचा तो दिवस. आत वाढलेल्या पिल्लाची ऑक्सिजनची गरज एवढी वाढते की छिद्रांतून येणारी हवा पुरेनाशी होते. कार्बन डायऑक्साइड साचू लागतो. या घुसमटीनंच मानेमागचा एक खास स्नायू, जो याच कामापुरता फुगलेला असतो, तो आचके देऊ लागतो. डोकं झटक्यानं वर जातं, आणि चोच आतला पडदा फाडून हवेच्या पोकळीत शिरते. पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास घेतं. अजून कवच अखंड आहे, बाहेर कुणाला काही दिसलेलं नाही, आणि फुप्फुसं मात्र चालू झाली आहेत. त्या उसन्या हवेवर ते आतूनच बारीक आवाज करू लागतं.

त्याच्या वरच्या चोचीच्या टोकाला एक टणक पांढरा कण असतो, जन्मापुरता दिलेला. पुढे काही आठवड्यांत तो नाहीसा होतो. मानेचे झटके चालूच असतात. हा कण कवचावर एकाच जागी आदळत राहतो आणि कवचाला चांदणीसारखा तडा जातो. इथं आपण म्हणू, झालं, आता बाहेर येईल. पण नाही. पिल्लू थांबतं. गरुडांमध्ये पहिल्या तड्यापासून पूर्ण बाहेर पडेपर्यंत एक दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ जातो. ही उसंत आळसाची नाही. पडद्यावरच्या जाळ्यात अजून रक्त वाहत असतं. ते हळूहळू शरीरात परत ओढून घेतल्यावरच ते जाळं बंद पडतं. उरलेला बलकही पोटात ओढून घ्यायचा असतो, कारण बाहेर आल्यावर पहिले दीड-दोन दिवस तीच शिदोरी. हे उरकण्याआधी कुणी कनवाळूपणानं बाहेरून कवच सोललं, तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरू शकतं. सगळं जागेवर आलं की ते आतल्या आत गोल फिरत रुंद टोकाशी कवच कापत जातं आणि पायांनी रेटा देऊन टोपण उडवतं. ओलं, दमलेलं, मान न सावरता येणारं.

आईबाप यात काय करतात? जवळजवळ काहीच नाही, आणि तेच अवघड आहे. खालून पाहताना कळतं ते एवढंच की मादीचं चित्त थाऱ्यावर नाही. आदल्या दिवसापर्यंत घरट्यात रुतून बसलेली ती आता उंच होऊन बसते, पोट अंड्यांवर टेकवत नाही, मान वाकवून खाली पाहत राहते, मध्येच उठते, वळते, पुन्हा बसते. आतला आवाज तिला ऐकू येत असतो. नर अवेळी मासा घेऊन येतो, तो कुणी खात नाही, तरी आणखी एक आणतो.

जे आपल्याला इथं झाडाखालून दिसत नाही ते याच जातीच्या जोडीच्या घरट्यात सिडनीकरांनी पाहिलं आहे. सिडनीच्या ऑलिम्पिक पार्कजवळच्या राखीव रानात घरट्यावर कॅमेरे बसवले आहेत, आणि जगभरातली माणसं ते थेट चित्रण पाहतात. तिथली थंडी जून-जुलैत, त्यामुळे आपल्याकडे आषाढ लागलेला असताना तिकडे अंडी उबवत असतात. त्या चित्रणात मला सगळ्यात आवडतो तो पहिला घास. मादी माशाचा इवलासा तुकडा तोडते, मान तिरकी करते आणि चोचीच्या टोकानं समोर धरून थांबते. पिल्लू डुलत डुलत चोच मारतं, ती बाजूला लागते, कधी आईच्या डोळ्याजवळ लागते. ती हलत नाही.

दुसरं अंडं पहिल्यानंतर दोन-तीन दिवसांनी घातलेलं असतं आणि उबवण त्याआधीच सुरू झालेली असते. त्यामुळे थोरलं पिल्लू धाकट्याच्या एक-दोन दिवस पुढे निघतं. त्या वयात हे अंतर फार मोठं. मान ताठ धरता येणाऱ्याला घास आधी मिळतो. पक्षीशास्त्रज्ञ दुसऱ्या अंड्याला विम्याचं अंडं म्हणतात: पहिलं वाया गेलं तर हाताशी असावं म्हणून. खाडीत बोय, शिंगाळा भरपूर असला, तर दोन्ही पिल्लं वाढतात. मासा कमी पडला तर धाकट्याला चोची खाव्या लागतात आणि पुष्कळदा एकच उरतं. सर्पगरुडानं हा जुगारच टाळला आहे; एक अंडं, एक पिल्लू, सगळा भार त्याच्यावर. दोघांतला शहाणा कोण, हे मला ठरवता आलेलं नाही.

समुद्री गरुडाकडे कोकणात नीट लक्ष गेलं ते चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या १९९२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमुळे. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यावरची घरटी शोधली. अशाच पाहणीत २००२ मध्ये ते वेळासला पोचले आणि तिथं समुद्री कासवांची उकरून नेलेली घरटी त्यांना दिसली. आज वेळासचा कासव महोत्सव सर्वांना ठाऊक आहे. त्याची सुरुवात गरुडाचं घरटं शोधताना झाली, हे थोड्यांना माहीत असतं. कासवाचं अंडं सरकारी वाळूत असतं, गरुडाचं मात्र कुणाच्या तरी खाजगी झाडावर. कायद्याचं संरक्षण पक्ष्याला आहे, पण मालकाला रायवळ म्हणजे फळ्या आणि जळाऊ लाकूड. हापूसची पेटी विकून चार पैसे येतात, रायवळीला कोण विचारतो? महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची कितीतरी जुनी झाडं गेली तेव्हा ओरड तरी झाली. वाडीतली एकेक रायवळ जाते ती गुपचूप.

पिल्लं दहा-बारा आठवड्यांत उडायला लागतात, म्हणजे नेमकी आंब्याची काढणी सुरू असते तेव्हा. झेला घेऊन झाडाखाली हिंडणाऱ्या गड्यांना माथ्यावर दिवसभर ओरडा ऐकू येतो. पिल्लाला आईबापासारखा पांढरा-राखी रंग यायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर ते तपकिरी, आणि म्हणून पाहणाऱ्याच्या लेखी घारच. एप्रिलात खाडीवर अशी एखादी थोराड 'घार' दिसली तर तिची शेपटी पाहा. साध्या घारीच्या शेपटीला मधोमध खाच असते, याची आखूड आणि पाचरीसारखी.