रोज एक मिलिमीटर

बडोद्याला दांडिया बाजारात माझ्या मावशीचं घर आहे. गेल्या वर्षी त्या घरातल्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असायचा. त्यावर चार रकाने होते: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपताना. प्रत्येक रकान्यात मावशी पेनने खूण करायची. पाहुण्यांना वाटायचं, औषधांच्या वेळा असतील. प्रत्यक्षात त्या पाना फिरवण्याच्या वेळा होत्या.

माझा मावसभाऊ तेव्हा चोवीस वर्षांचा होता. हालोल रस्त्यावर रात्री त्याची मोटरसायकल घसरली. नडगीचं हाड मोडून कातडीच्या बाहेर आलं. अशा उघड्या फ्रॅक्चरमध्ये जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो आणि त्याच्या बाबतीत नेमकं तेच झालं. चार महिने उलटले तरी हाड जुळेना, जखम वाहायची थांबेना. घरात 'पाय काढावा लागेल का' हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नव्हतं, पण तो सगळ्यांच्या मनात होता. शेवटी डॉक्टरांनी खराब झालेलं पाच सेंटिमीटर हाड कापून टाकलं. म्हणजे साधारण करंगळीच्या लांबीएवढी पोकळी. ती भरायची कशी?

उत्तर म्हणून पायाभोवती आल्या स्टीलच्या रिंगा. त्यांतून हाडाच्या आरपार गेलेल्या बारीक, ताणलेल्या तारा आणि रिंगांना जोडणारे आट्यांचे दांडे. डॉक्टरांनी गुडघ्याच्या थोडं खाली निरोगी हाड एका जागी कापलं. तो मोकळा झालेला तुकडा तारांच्या आधाराने दररोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. तुकडा पोकळीकडे जात राहतो आणि त्याच्या मागे जी जागा मोकळी होते तिथे नवं हाड तयार होतं. नट एकदा पूर्ण फिरवला की एक मिलिमीटर. पण एकदम नाही, दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा. दहा नंबरच्या साध्या पान्याने. "ताई, मी माझ्याच पायाचा मेकॅनिक झालोय," तो मला फोनवर म्हणाला होता.

हे सगळं पाहिल्यावर मी हाडांविषयी वाचायला लागले, आणि माझा पहिला समज मोडला. हाड म्हणजे शरीरातला लाकडी वासा नव्हे. ते जिवंत असतं. जुनं हाड खाऊन टाकणाऱ्या पेशी आणि नवं बांधणाऱ्या पेशी त्यात आयुष्यभर काम करत असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नव्याने बांधला जातो.

मोडलेलं हाड जुळतं तेव्हा आधी तिथे रक्ताची गाठ होते, सूज येते. ही सूज नुसता त्रास नसते, दुरुस्तीसाठी पेशींना आलेलं ते बोलावणं असतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये मऊ कूर्चेचा पूल तयार होतो. मग त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो. शेवटी कित्येक महिने, कधी काही वर्षं, त्या ओबडधोबड पुलाला तासून मूळ आकार दिला जातो. कातडी कापली की व्रण राहतो. हाड मात्र व्रण न ठेवता पुन्हा हाडच होतं. शरीरात असं जमणाऱ्या जागा फार थोड्या आहेत.

या देणगीचा वापर कसा करायचा, हे जगाला शिकवलं ते गाव्रिल इलिझारोव या डॉक्टरने. जन्म 1921. 1944 मध्ये डॉक्टर झाल्यावर त्याची नेमणूक सायबेरियाच्या टोकाला, कुर्गान भागातल्या दोल्गोव्का नावाच्या खेड्यात झाली. महायुद्ध चालू होतं. हातापायाची हाडं मोडलेले, महिनोन्महिने प्लास्टरमध्ये पडलेले सैनिक परत येत होते. साधनं तुटपुंजी. इलिझारोवने 1950 च्या सुमारास रिंगा, तारा आणि आट्यांचे दांडे वापरून आपलं यंत्र तयार केलं. मूळ हेतू होता तुटलेली टोकं एकमेकांवर घट्ट दाबून धरायचा.

असं सांगतात, की एका रुग्णाने नट चुकून उलटा फिरवला. टोकं जवळ येण्याऐवजी लांब गेली. एक्स-रेमध्ये मधल्या फटीत नवं हाड दिसलं. गोष्ट अगदी अशीच घडली असो वा नसो, इलिझारोवने पुढे जे केलं ते महत्त्वाचं आहे. 'ताण दिला तर हाड वाढतं' एवढ्यावर तो थांबला नाही. किती ताण, किती वेगाने, दिवसातून किती वेळा, हे त्याने कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून तपासलं. रोज अर्धा मिलिमीटर सरकवलं तर फट भरून हाड वेळेआधीच जुळून जातं आणि पुढे सरकत नाही. रोज दोन मिलिमीटर ओढलं तर नसा, स्नायू, रक्तवाहिन्या यांना तो वेग सोसत नाही आणि हाडही नीट तयार होत नाही. एक मिलिमीटर बरोबर बसला. तोही एका झटक्यात नको, जितक्या छोट्या टप्प्यांत तितका चांगला. मावशीच्या फ्रिजवरचे चार रकाने तिथून आले होते.

मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांनी खेड्यातल्या या डॉक्टरकडे बरीच वर्षं फारसं लक्ष दिलं नाही. मग आला वालेरी ब्रुमेल. टोकियोच्या 1964 च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक जिंकलेला खेळाडू. 1965 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. कितीतरी ऑपरेशनं झाली, उपयोग झाला नाही. 1968 मध्ये तो कुर्गानला गेला, बरा झाला आणि पुन्हा दोन मीटरपेक्षा उंच उडी मारली. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी 1980 मध्ये आपली कित्येक वर्षं न जुळलेली नडगी घेऊन कुर्गानला पोचला. तो परतल्यावर तिथले डॉक्टर थक्क झाले. 1981 मध्ये त्यांनी इलिझारोवला इटलीत बोलावलं आणि त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. आज आपल्याकडेही दुचाकीच्या अपघातांनंतर न जुळणाऱ्या, संसर्ग झालेल्या हाडांसाठी ती वापरली जाते.

इलिझारोवच्या पद्धतीतली आणखी एक गोष्ट आमच्या घरात फार कठीण गेली. रिंगा असतानाच चालायचं. मावशीचा जीव वरखाली व्हायचा. पण हाडाला भार लागतो. हाड आपल्यावर पडणाऱ्या वजनाप्रमाणे स्वतःला घडवतं, हे जर्मन डॉक्टर युलियस वोल्फ याने 1892 मध्येच मांडलं होतं. अंतराळात वजनच जाणवत नाही, म्हणून अंतराळवीरांच्या कमरेसारख्या भागातलं हाड महिन्याला साधारण एक ते दीड टक्का कमी होतं. डॉक्टरांची दुसरी अट होती सिगारेट बंद. धूम्रपानाने हाडाला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि हाड जुळायला उशीर होतो. भावाने ती अट पाळली. पहिले पंधरा दिवस घरातलं कुणी त्याच्याशी बोलायला धजत नव्हतं, ते सोडा.

तरुण वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. या पद्धतीने उंची वाढवता येते, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. येते, हे खरं आहे. पण त्यासाठी धडधाकट पाय मोडून घ्यावे लागतात. तारांच्या जागी संसर्ग, नसांना इजा, घोट्याचा आणि गुडघ्याचा ताठरपणा हे धोके त्यात असतात आणि काही सेंटिमीटरसाठी कित्येक महिने जातात. भावाने ते सगळं भोगलं, कारण पाय वाचवायचा होता. उंचीच्या पावडरी आणि गोळ्यांचं म्हणाल, तर लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची वाढीची पट्टी असते. वयात आल्यानंतर काही वर्षांत, मुलींमध्ये आधी आणि मुलांमध्ये नंतर, ती बंद होते. मग कोणत्याही डब्यातली पावडर ती उघडू शकत नाही. मात्र हाड भक्कम करणं तिशीपर्यंत आपल्या हातात असतं. चालणं, धावणं, उड्या मारणं, दूध-डाळ-नाचणी आणि थोडं ऊन, एवढ्यावर पुढची चाळीस वर्षं टिकायची असतात.

पाच सेंटिमीटर सरकायला पन्नास दिवस लागले. ते नवं हाड कडक व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. मधे एक दिवस असा आला, की भावाने पाना भिंतीवर फेकला. "एक मिलिमीटर म्हणजे काही असतं का?" मावशीने पाना उचलला, पुसला आणि फ्रिजवरचा कागद त्याच्यासमोर आणून ठेवला. त्यावर तोवर एकशे बारा खुणा होत्या. त्याने मोजल्या. अठ्ठावीस मिलिमीटर.

साडेनऊ महिन्यांनी रिंगा निघाल्या. यंदाच्या उत्तरायणाला तो गच्चीवर पतंग उडवत होता, कठड्यापासून चार हात लांब, मावशीच्या नजरेखाली. पायावर व्रण पुष्कळ आहेत. शेवटच्या एक्स-रेमध्ये मात्र नवं हाड कुठे सुरू होतं, ते मला ओळखता आलं नाही.