पोट पडते ते कशाने?

पेरलेले प्रत्येक बी उगवत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. काही बी जमिनीतच जिरते, काही दोन पानांवर येऊन सुकते. पण घरातल्या सुनेचे पोट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडले की चौकशी सुरू होते. हंडा का उचललास? पपई खाल्लीस काय? तिन्हीसांजेला विहिरीवर कशाला गेलीस? आणि मिस्सेनंतर डोळे पुसत आम्हालाच कोणी विचारते, "फादर, माझ्या हातून काय पाप झालं?"

दिवस गेल्याचे कळल्यावर शंभरात दहा ते पंधरा गर्भ गळतात. बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. अशा लवकर गळलेल्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो.

गुणसूत्रे म्हणजे पेशीतले अतिसूक्ष्म धागे. शरीर कसे घडवायचे ते त्यांत लिहिलेले असते. माणसाला ती ४६, म्हणजे २३ जोड्या. हा आकडा १९५६ साली स्वीडनमध्ये त्यो आणि लेव्हान यांनी पक्का केला. निम्मी आईकडून, निम्मी बापाकडून. बीज तयार होताना जोड्या सुटून वाटणी होते. एखादी जोडी सुटलीच नाही तर गर्भात ४७ किंवा ४५ येतात. सोळावे गुणसूत्र तिहेरी झालेला गर्भ जगत नाही. गळलेल्या गर्भांत ही चूक फार आढळते. एकविसावे जादा असलेली काही बालके मात्र जन्मतात नि वाढतात. डाउन सिंड्रोमचे हे कारण पॅरिसमध्ये लेझ्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवून दिले.

कधी दोन शुक्रबीजे एकाच अंड्यात शिरून सबंध संचच तिप्पट होतो. आपल्या परसातली केळ अशीच तिप्पट आहे: अकराचे तीन संच, तेहतीस गुणसूत्रे. तिघांची जोडी लागत नाही, म्हणून केळीला बी धरत नाही आणि मुनवे लावावे लागतात. केळीला ते पचते, माणसाच्या गर्भाला पचत नाही.

ही चूक बहुधा गर्भ धरतानाच, किंवा त्याआधी, झालेली असते. सुनेने हंडा उचलला तेव्हा तिला महिना उलटून गेलेला असतो! वयाचा संबंध मात्र खरा आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची अंडी तयार होऊन, वाटणी अर्धी ठेवून, थांबतात. चाळिशीतले अंडे चाळीस वर्षे थांबलेले असते. म्हणून त्या वयात तीनांत एक गर्भ गळतो, पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक.

घोळ बापाकडचाही असू शकतो. १९६४ साली स्वीडनच्या लाल गुरांत पहिले आणि एकोणतिसावे गुणसूत्र एकमेकांस चिकटलेले सापडले. असा वळू दिसायला धट्टाकट्टा, पण त्याच्याकडून भरलेल्या गायी जास्त उलटतात. माणसांतही पुन्हा पुन्हा पोट पडणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी तीन-चारांत दोघांपैकी एकाची गुणसूत्रे अशी अदलाबदल झालेली असतात. तो एक नवराही असतो. वळू तपासायची कोणाला लाज वाटत नाही. नवऱ्याचे रक्त तपासायचे म्हटले की मात्र सासू दार लावून घेते.

एकदा पोट पडले तर बहुतेकींचे पुढचे बाळंतपण सुखरूप होते. दोन-तीनदा लागोपाठ झाले तर दोघांनीही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. थायरॉईड, मधुमेह, गर्भाशयाची ठेवण, रक्त गोठण्याचा दोष ही कारणेही असतात आणि त्यांवर इलाज आहे. गुणसूत्रांची चूक मात्र कोणत्याही काढ्याने सुधारत नाही. गर्भ टिकवण्याची हमी देणाऱ्या वैदूला पैसे देऊ नयेत. अंगावरून फार जाऊ लागले, ताप किंवा भोवळ आली, तर सकाळची वाट न पाहता तिला त्याच घटकेस दवाखान्यात न्यावे.